डिमेन्शिया निवास, सोलापूर: दहा महिन्यांनंतर, मुख्यतः पाण्याबद्दल

गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, सासूबाईंना इथे आणलं. आता नोव्हेंबर संपत आला. केंद्राचं नाव देत नाही. खोल्या किती, डॉक्टर कधी येतात, जेवणात काय असतं हे त्यांच्या पत्रकात छापलेलं आहे, आणि भेटायला गेलात की तेच तोंडी सांगतात. मी मुख्यतः पिण्याच्या पाण्याबद्दल लिहिणार आहे. एवढ्या मोठ्या निर्णयात पाण्याचं काय एवढं, असं वाटेल. पण मे महिन्यानंतर कुठल्याही केंद्रात त्याच्या आधी दुसरं काही विचारावंसं मला वाटत नाही.

मे महिन्यात काय बिघडलं ते आधी सांगते. दिवसातून दहा वेळा पिशवी भरून अक्कलकोटला निघणाऱ्या सासूबाई दोन दिवसांत गप्प झाल्या. घास तोंडात असताना डोळे मिटायचे, हाक मारली तरी बघायला वेळ लागायचा. केंद्रातून फोन आला, "आजी आता शांत झाल्यात, आजार पुढच्या टप्प्यात गेलाय." ही समजूत साफ चुकीची होती आणि धोक्याचीही. स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांच्या चालीने वाढतो. काही तासांत किंवा दोन दिवसांत माणूस बदलला तर आधी डेलिरियम (दुसऱ्या एखाद्या दुखण्यामुळे मेंदूचा अचानक झालेला गोंधळ) धरायचा आणि कारण शोधायचं: अंगातलं पाणी कमी होणं, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवी गोळी, पडल्याचं न सांगितलेलं दुखणं. आरडाओरड करणारा डेलिरियम सगळ्यांच्या लक्षात येतो. गुंगीत ठेवणारा प्रकार निसटतो, कारण त्रास न देणारा माणूस बघणाऱ्याला सुधारल्यासारखा वाटतो. तपासणीत सोडियम बिघडलेलं, लघवीत संसर्ग, जीभ खरखरीत कोरडी. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालूच होती. पाच दिवस रुग्णालय, आणि पूर्वीसारखं बोलायला लागायला आणखी तीन आठवडे. (म्हातारपणी लघवीच्या तपासणीत जंतू दिसले म्हणजे आजार असतोच असं नाही. ताप, जळजळ नसताना नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक सुरू होत असेल तर डॉक्टरांना कारण विचारा.)

केंद्रात पाणी नव्हतं असं नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे जाणून त्यांनी जमिनीखाली मोठी टाकी बांधली आहे, टँकरवाला ठरलेला आहे, पिण्यासाठी वीस लिटरचे जार येतात. पण जार व्हरांड्याच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी. ज्याला तहान लागल्याचं नीट कळत नाही, कळलं तर पाणी कुठे ते आठवत नाही, आणि आठवलं तर निम्म्या वाटेत कशाला उठलो तेच विसरतं, त्याच्यासाठी वीस पावलांवरचा जार असून नसल्यासारखा. खोलीत तांब्या-फुलपात्र असायचं. त्याचाही उपयोग नव्हता. या आजारात रंगाउजेडातला फरक ओळखायची नजर मंदावते. चकचकीत स्टील, आत पारदर्शक पाणी आणि खाली पांढरा सनमायका, यातलं काहीच वेगळं उठून दिसत नाही. लाल किंवा गडद निळा, दीडशे मिलीचा, कानाचा कप हातात दिला की पितात. समोर ठेवून निघून गेलं की तासाभराने तसाच.

शिवाय संध्याकाळी पाचनंतर पाणी देताना हात आखडायचा. रात्री चोवीस माणसांमागे दोन मावशी. कमी पाणी म्हणजे रात्री कमी ओले डायपर आणि बाथरूमला उठताना कमी पडणं, असा हिशोब. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण चालू होता. रात्रीचं उठणं कमी करायचं तर दिवसाचा कोटा सात-साडेसातपर्यंत भरायचा आणि झोपताना गोळीपुरतं पाणी द्यायचं. एकूण पाणी कमी केलं की लघवी दाट होते, आतड्यात खडा धरतो, आणि तेच पुन्हा माणसाला रात्री अस्वस्थ करतं.

शेवटचं कारण भाषेचं. माझ्या मते सोलापुरात केंद्र निवडणाऱ्याने ते सगळ्यात आधी बघावं.

सासूबाई अक्कलकोट तालुक्यातल्या, माहेरची भाषा कानडी. पन्नास वर्षं शहरात मराठी बोलल्या. डिमेन्शियात बहुतेकदा नंतर शिकलेली भाषा आधी विरते आणि लहानपणची उरते. एप्रिलपासून त्या दिवसभर "नीरु, नीरु" म्हणत होत्या. जुन्या मावशी सोलापूरच्याच, त्यांना कळायचं. पण त्याच महिन्यात लातूरकडच्या दोन नव्या मुली रुजू झाल्या. नीरु म्हणजे पाणी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, घरातल्या कुणा नीरूला आजी हाक मारताहेत. नोंदवहीत चार दिवस तेच लिहिलेलं सापडलं: "आजी नीरूची आठवण काढतात." त्या मुलींचा मला राग नाही, त्या मनापासून काम करतात. राग आहे तो साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड अशा, घरात तेलुगू-कानडी बोलणाऱ्या भागांतली माणसं ठेवून घेणाऱ्या आणि प्रवेशाच्या फॉर्मवर मातृभाषेचा रकानाच नसलेल्या व्यवस्थेचा.

तेलुगू बोलणाऱ्यांच्या बाबतीत यापेक्षा घातक गोंधळ होतो. पाण्याला ते नीळ्ळु म्हणतात, दुखण्याला नोप्पि. पण "पुरे" म्हणायला त्यांचा शब्द आहे चालु. भरवणाऱ्या मराठी बाईला ते "चालू" ऐकू येतं आणि ती पुढचा घास देते. पोट भरलेल्या, गिळणं मंदावलेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबला गेला की तो श्वासनलिकेत उतरू शकतो, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. शहराच्या पूर्व भागातल्या ज्या तेलुगू घरांतून कुणाला ठेवायचं असेल त्यांनी हा एक शब्द तरी पहिल्याच दिवशी सांगावा.

आता दारामागे एक कागद चिकटवलेला आहे. मोठ्या अक्षरात दहाच शब्द, शेजारी अर्थ: नीरु पाणी, ऊट जेवण, साकु पुरे, ब्यानी दुखणं, बर्री या, आणि असे आणखी पाच. "नीर कुडीरी" (पाणी प्या) असं म्हणून कप हातात दिला तर सासूबाई नाही म्हणत नाहीत. मराठीत तेच सांगितलं तर कप बाजूला सारतात.

हे सगळं जूनमध्ये संचालकांपुढे मांडलं तेव्हा पाचपैकी दोन गुण द्यायचे ठरवलं होतं. आज साडेतीन देते आहे, कारण त्यांनी ऐकून घेतलं आणि बदल केले. जार हॉलमध्ये, बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर आणला. रंगीत कप सगळ्यांसाठी घेतले. आणि पाण्याचा तक्ता सुरू केला. पहिल्या पंधरवड्यात तो तक्ता खोटा होता. प्रत्येक ओळीत एकाच पेनाने १,५०० लिहिलेलं. म्हणून "दिलं" आणि "पोटात गेलं" असे दोन रकाने करायला लावले: कपात उरलेलं वजा करून दुसरा आकडा. तेव्हापासून आकडे माणसांसारखे वेगवेगळे यायला लागले.

डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर त्यांचाच आकडा धरायचा. तसं नसेल तर दिवसाला साधारण दीड लिटर, म्हणजे दीडशेचे दहा कप. उठल्यावर एक, न्याहारीला एक, दहाला, जेवणाआधी, दोनला, चारला, पाचला, सहाला, सातला, आणि दहावा दिवसभराच्या गोळ्यांत वाटलेला. पाणी नको म्हणणाऱ्याला ज्वारीची आंबील, पातळ ताक, कलिंगडाच्या फोडी चालतात, रक्तदाब असेल तर मीठ हात राखून. पाणी पिताना ठसका लागत असेल तर पातळ पाणीच जास्त धोक्याचं. गिळण्याची तपासणी करून घ्यायची, आणि तोवर पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटे घोट, प्यायल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. आंबील इथे उपयोगी पडते, पण किती दाट चालेल ते डॉक्टरांना विचारूनच. भेटीला गेलात की लघवीचा रंग विचारा. गर्द पिवळी आणि उग्र वास असेल तर तक्त्यात काहीही लिहिलेलं असो, पाणी पुरेसं पोटात गेलं नसावं.

एसी नाही म्हणून सुरुवातीला मी नाराज होते. ते मत बदललं. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या वर असतो, पण हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा डेझर्ट कूलर चांगलं काम करतो. अट एवढीच की समोरची खिडकी थोडी उघडी हवी आणि टाकीतलं पाणी नियमित बदललेलं. पावसाळ्यात तोच कूलर चिकचिक वाढवतो, तेव्हा पंखाच बरा. खरी चूक वरच्या मजल्याची खोली घेण्याची होती. स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. आता तळमजल्यावर आहोत, पूर्वेची खिडकी.

सीसीटीव्ही मोबाइलवर दिसतो याचं फार कौतुक वाटलं होतं, त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. कॅमेऱ्यात माणूस खुर्चीत बसलेला दिसतो. तो गुंगीत आहे की निवांत, ते कळत नाही. मेमधल्या त्या दोन दिवसांत आम्ही रोज बघत होतो. जाऊन बघायचं तर संध्याकाळी साडेसात ते साडेआठ या वेळात जा. पाळी आठला बदलते, सांजवेळेची घालमेल तेव्हा टिपेला असते, आणि निम्मं केंद्र "घरी जायचंय" म्हणत दाराशी उभं असतं. त्या तासाभरात मावशी काय करतात ते बघा. हात धरून अंगणात फेरी मारतात, की ओढणीने खुर्चीला बांधतात? इथे बांधत नाहीत, हे मी न कळवता पाच वेळा जाऊन पाहिलं आहे. फाटकाला कुलूप असतं, पण आत गोल फिरून परत यायची वाट आहे. त्यामुळे कुलपाबद्दलचा माझा आक्षेप गेला. शहाबादी फरशीही चांगली, चकाकत नाही. बाथरूमपुढचं काळं पायपुसणं मात्र काढायला लावलं. या माणसांना ते खड्ड्यासारखं दिसतं आणि ते ओलांडायला लांब टांग टाकताना पडतात.

गोळ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी लेखी घ्या. मेमध्ये रुग्णालयातून आल्यावर रात्री जागतात म्हणून शांत ठेवणारी गोळी सुरू करू का, असं केंद्राने विचारलं. क्वेटियापिनसारख्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी ती लागतातही, पण डॉक्टरांनी तपासून, कमीत कमी मात्रेत, ठरलेल्या मुदतीनंतर कमी करून बघायच्या अटीवर. घरच्यांच्या सहीशिवाय नाही, हे आम्ही करारात घालून घेतलं. दुसरं, सगळ्या गोळ्या कुटून गुळात देण्याची सवय. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर किंवा एक्सआर आहे ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते, कुटली की पूर्ण मात्रा एकदम अंगात जाते. गिळता येत नसेल तर पर्याय डॉक्टरांनी द्यायचा.

खर्च. महिना २२,०००, अनामत दोन महिन्यांची. डायपर केंद्राकडून घेतला तर नग ५० रुपये. घाऊक दुकानातून खोकं आणलं तर तोच ३२ला पडतो. दिवसाला तीन धरले तर महिन्याला १,६२० रुपयांचा फरक. स्वतःचे आणायला परवानगी मिळवायला दोन महिने वाद घातला, आता खोक्यावर नाव आणि वापराची खूण असते. रुग्णालयात असलेल्या पाच दिवसांचं पूर्ण शुल्क घेतलं, त्यात जेवणाचेही पैसे. हे अजून मिटलेलं नाही. आरोग्य विम्याने रुग्णालयाचा खर्च दिला, निवासाचा मिळत नाही. संस्था प्राप्तिकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेली असेल, तर साठीपुढच्या माणसासाठी राहणं-जेवण-देखभाल धरून महिना २५,००० पर्यंतच्या शुल्कावर जीएसटी लागत नाही. बिलात तो लावलेला दिसला तर विचारा.

एक गोष्ट अनपेक्षित चांगली झाली. कुटुंब निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला. बोटांचे ठसे झिजलेले, यंत्र घेईना. केंद्रातल्या मुलाने मोबाइलवर चेहऱ्याने जीवन प्रमाण करून दिलं, सकाळी दहाच्या उजेडात, सासूबाई ताज्यातवान्या असताना. दहा मिनिटं लागली, पैसे घेतले नाहीत.

या महिन्याचा पाण्याचा तक्ता काल बघितला. बहुतेक दिवस १,३०० ते १,४५० पोटात गेलेलं. रविवारचे दुपारी दोननंतरचे रकाने मात्र प्रत्येक आठवड्यात कोरे. त्या वेळच्या मावशींची सुटी असते आणि बदली बाई अजून मिळालेली नाही. ती मिळेपर्यंत रविवारी दोन ते सहा घरातलं एक जण लाल कप घेऊन तिथे बसतं.