पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) नको, विद्यापीठात जायला नको, दोन वर्षांत पीएचडी: पहिला हप्ता देण्याआधी

जळगाव-धुळे-नंदुरबारच्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना पीएचडी मिळवून देणाऱ्या एजंटचा असा फोन येतो. "सर, विद्यापीठ यूजीसी मान्य आहे, यादीत नाव बघा." नाव खरंच यादीत असतं आणि तिथेच माणूस फसतो. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) राजस्थानातल्या तीन विद्यापीठांचे पीएचडी प्रवेश पाच वर्षांसाठी बंद केले. तीही मान्यताप्राप्तच होती. दोष होता पदवी देण्याच्या पद्धतीत. म्हणून यादीपेक्षा पद्धत तपासा.

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क (संशोधनाआधीचा अभ्यासक्रम) धरून पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात. त्यामुळे 'दोन वर्षांत' म्हणणारा एजंट पुढे हळूच सुचवतो, "नोंदणी मागच्या तारखेची करून देतो." याला हो म्हणालात की तुम्ही फसवले गेलेले राहत नाही, बनावट कागदाचे भागीदार होता. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. कागदावर तुम्ही कोर्सवर्कला हजर दाखवलेल्या दिवशी तुमची सही शहाद्याच्या किंवा चोपड्याच्या कॉलेजच्या मस्टरवर असेल, तर पडताळणीत दोन्ही कागद समोरासमोर येतात. नोकरी जाते ती इथे.

"गाईड तुमच्या गावातलाच देतो" हीही थाप. गाईड त्याच विद्यापीठाचा किंवा त्याच्या संलग्न संस्थेचा नियमित, पूर्णवेळ शिक्षक लागतो. बाहेरचा फार तर सहमार्गदर्शक. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार विद्यार्थी, एवढीच मर्यादा. एजंटने दिलेला नंबर लावू नका. विभागाच्या कार्यालयात फोन करून गाईडशी बोला आणि जागा रिकामी आहे का ते विचारा.

दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएचडी होत नाही. परदेशी विद्यापीठाशी करार दाखवणाऱ्या कंपन्यांची ऑनलाइन पीएचडी मान्य नाही, हे यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) २०२२ मध्येच जाहीर केलं आहे.

फी विद्यापीठाच्या खात्यावरच भरा आणि पावतीवर विद्यापीठाचं नाव बघा. कपाशी-केळीचे पैसे कुणाच्या खासगी यूपीआयवर गेले की ते नोंदणीसाठी दिले हे सिद्ध करणं फार अवघड जातं. पैसे गेलेच असतील तर चॅट पुसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. मूळ गुणपत्रिका आणि टीसी एजंटकडे ठेवू नका. ठेवली असेल तर आधी ती परत घ्या, कारण पुढचा हप्ता तो तिच्याच जोरावर मागतो.