जुनी गाडी डीलरकडून घ्यावी की थेट मालकाकडून? बिघडली तर काय, ते धरून बघा

तेच मॉडेल, तेच साल, मालक पाच लाख म्हणतोय आणि डीलर साडेपाच. पॉलिश आणि नवीन सीट कव्हरला भुलू नका, ते वरचे पन्नास हजार खरं तर गाडी बिघडल्यावर कोणाला धरायचं यासाठी जातात.

मालकाकडून घेतली आणि पंधरा दिवसांत गिअरबॉक्स बसला तर ग्राहक आयोगाचा रस्ता जवळपास बंदच, कारण तो माणूस काही गाड्या विकायचा धंदा करत नाही, घरची एक गाडी विकली आणि मोकळा झाला. ठोकलेली गाडी ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ म्हणून खपवली किंवा मीटर मागे फिरवला असेल तर दिवाणी कोर्ट आहे, पोलीस तक्रारही करता येते, पण त्याला हे माहीत होतं हे सिद्ध तुम्हीच करायचं. म्हणून इथे जे काय बघायचं ते इसार द्यायच्या आधी, आपला मेकॅनिक सोबत नेऊन, सर्व्हिस हिस्टरी काढून.

डीलरचं वेगळं. तो धंदा करतो, त्यामुळे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागतो, गाडी जुनी असली तरी. पन्नास लाखांपर्यंतची गाडी जिल्हा आयोगात, पाच लाखांपर्यंत फी शून्य, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, मुदत दोन वर्षं, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, आणि वकील नसला तरी चालतं. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. म्हणतो हं, प्रत्यक्षात धीर धरायची तयारी ठेवा. आणि ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची क्लच प्लेट गेली तर तो दोष नाही, ती झीज, त्यावर भांडून काही मिळत नाही.

पण गोम पुढेच आहे. माझ्या आत्तेभावाने डीलरकडून गाडी घेतली, पैसे त्याला कॅश, हातात काय तर जुन्या मालकाच्या सहीचे टीटी फॉर्म (गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) आणि एक साधी चिठ्ठी. महिन्यात इंजिन गरम व्हायला लागलं तर डीलर म्हणाला, मी फक्त दलाली केली, मालकाला विचारा. म्हणजे दर डीलरचा आणि हक्क मालकाकडून घेतल्याएवढे! असं असेल तर सरळ मालकाकडूनच घ्या, पन्नास हजार तरी वाचतील आणि त्यात टायर-बॅटरी होतील.

डीलरकडूनच घ्यायची तर बिल त्याच्या फर्मच्या नावाचं, जीएसटी नंबरसकट, आणि पैसे बँकेतून. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते दाखव म्हणा, टाळाटाळ केली तर पुढचं दुकान. वॉरंटी देतो म्हणाला तर इंजिन-गिअरबॉक्स सोडून काय काय धरलंय ते कागदावर घ्या, ‘आम्ही आहोत ना साहेब’ याला आयोगात किंमत नाही.

आणि बिघाड झालाच तर कोपऱ्यावरच्या गॅरेजला लगेच इंजिन खोलायला देऊ नका, मग डीलर म्हणणार तुमच्याच मेकॅनिकने बिघडवलं. आधी डीलरला ईमेल, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा लेखी रिपोर्ट, फोटो, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन, तिथेच मिटलं तर बरं, नाहीतर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार.