मसाई पठारासाठी ट्यूब की ट्यूबलेस?

कोल्हापूरहून सुमारे 20 किलोमीटरवरचा पन्हाळा ओलांडून मसाई पठारावर माउंटन बाइक घातली, की एप्रिलमधला तिथला उघडा, खरबरीत जांभा वाळवंटातल्या वाटेसारखीच टायरची परीक्षा घेतो. ट्यूबच्या टायरमध्ये हवा कमी ठेवली, तर दगडाच्या धारेवर ट्यूब चिमटून सर्पदंशासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. जास्त भरली, तर सुट्या खड्यांवर चाक घसरते. ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नसल्याने कमी हवेवर चांगली पकड मिळते आणि बाभळीचा काटा उपसताच आतले पांढरे सीलंट फसफसत बाहेर येऊन भोक बुजवते. मात्र ते उन्हाळ्यात लवकर सुकते, आणि टायरची बाजू फाटल्यास निरुपयोगी ठरते. खर्च अधिक असूनही माझा कौल ट्यूबलेसलाच आहे. पिशवीत एक ट्यूब, जुनी का असेना, असतेच.