भिरंडेल: हंपीला जाणाऱ्यांनी बॅगेत टाकाच

गोव्यातून हंपीला बोल्डरिंगला (दोराशिवाय मोठ्या दगडांवर चढायला) गेलेला जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःची बोटं बघत बसलेला असतो, टिप्स, म्हणजे बोटांची टोकं, लालभडक, गुळगुळीत, चहाचा ग्लास धरला तरी चटका बसतो, आणि मग कुणाकडे कुठला बाम आहे याची शोधाशोध सुरू होते. मी यावर बरंच काही वापरून बघितलंय, बाहेरून मागवलेले मेणाचे क्लाइंबिंग बाम, मेडिकलमधलं युरियाचं क्रीम, पेट्रोलियम जेली, आणि आता माझ्या बॅगेत कायम असतं ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं भिरंडेल. म्हणजे कोकमाचं तेल.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, कोकमाच्या बियांतला गर कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगणारं तेल काढून घेतात, ते थंड झालं की घट्ट होतं आणि त्याचे मुठीत मावतील असे गोळे वळतात. रंग पांढरट-पिवळट, हाताला कडक आणि ठिसूळ, नखाने खरवडलं तर चुरा पडतो. थंडीत टाचांना भेगा पडल्या की आजी हेच पळीत गरम करून भेगांत भरायची, कोकण-गोव्यातल्या बऱ्याच घरांत हे चालतं. क्लाइंबरच्या बोटाला पडणारी चीर टाचेच्या भेगेपेक्षा फार वेगळी नाही, दोन्हीकडे जाड, कोरडी, लवचिकपणा गेलेली कातडी ताण आला की फाटते.

आता आपल्याकडच्या लोकांनाच हंपीत जास्त त्रास का होतो तर हवा. वास्कोला अमरावती एक्सप्रेसमध्ये बसलं की घाट चढेपर्यंत सगळं ओलं हिरवं असतं आणि हुबळी, गदग, कोप्पळ करत होसपेटला उतरेपर्यंत ओठ फुटायला लागलेले असतात. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, तिकडे 600 च्या आसपास, आणि क्लाइंबिंगचा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे नेमका कोरडा. दमट हवेत मऊ राहिलेली आपली कातडी एकदम त्या खरखरीत ग्रॅनाइटवर घासते, त्यात वरून चॉक (पकड सुटू नये म्हणून हाताला चोळतात ती पूड), ते मॅग्नेशियम कार्बोनेट असतं, घामाबरोबर कातडीतला ओलावाही शोषून घेतं. आणि तळहाताला, बोटांच्या पेरांना तैलग्रंथी नसतातच, फक्त घामाच्या असतात, त्यामुळे चेहऱ्यासारखं आपोआप तेलकट होऊन सावरणं तिथे होत नाही. बाहेरून काहीतरी द्यावंच लागतं.

भिरंडेल नुसतं कोरड्या बोटांवर चोळून झोपलात तर निम्माच फायदा, कारण तेलात पाणी नसतं, ते ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडू देत नाही. म्हणून क्लाइंबिंग संपलं की आधी हात धुऊन चॉक पूर्ण काढायचं (हे रूमवर परतल्यावर नाही, तिथेच बाटलीतल्या पाण्याने, चॉक जितका वेळ राहील तितकं सुकवत राहतं), मग रात्री जेवण झाल्यावर हात कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचे, अर्धवट टिपायचे, आणि बोटं ओलसर असतानाच लावायचं. गोळा कडक असतो म्हणून मी चमच्यात खरवडून मेणबत्तीवर धरते, साधारण 40 डिग्रीला वितळतं त्यामुळे लगेच पातळ होतं, अंगाच्या उष्णतेइतकं निवलं की एकेका टिपला थेंब थेंब चोळायचं. वरून सुती हातमोजे घातले तर फारच छान, नाही तर पांघरुणाला थोडं लागतं. सकाळी उठल्यावर बोटं तेलकट नसतात पण वाकवली की ताणत नाहीत, हा फरक पहिल्याच रात्रीनंतर जाणवतो. गेलेली कातडी मात्र कुठलंच तेल रात्रीत परत आणत नाही, वरचा थर पूर्ण नवा यायला साधारण महिना लागतो, त्यामुळे टिप्स गुलाबी पडून चिकट पाणी दिसायला लागलं की प्रोजेक्ट (जो चढ जमवायचा प्रयत्न चाललाय तो) कितीही जवळ आलेला असो, एक दिवस सानापूर तलावाकडे फिरून या.

सकाळी चढण्याआधी लावू नका, होल्डवर (दगडावर हात धरायच्या जागेवर) तेल लागतं आणि ते तुमच्यानंतर येणाऱ्यालाही नडतं. कातडीच्या कडा उचललेल्या असतील तर तेल लावण्याआधी बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट करा, नाही तर तीच कड क्रिम्पवर (बोटांच्या टोकांनीच धरता येणाऱ्या अरुंद पकडीवर) अडकून फ्लॅपर निघतो, म्हणजे कातडीचा तुकडा सुटून लोंबतो. आणि फ्लॅपर निघून रक्त आलं असेल तर तिथे भिरंडेल अजिबात नाही, बाजारातलं घरगुती तेल आहे, निर्जंतुक नाही, जखम धुवायची, स्वच्छ पट्टी बांधायची, बस.

बाकीच्यांशी तुलना करायची तर मेणाचे बाम चांगलेच असतात, डबी उघडली की बोट फिरवून लावता येतं, वास छान, ही सोय भिरंडेलात नाही. पण किंमत बघा, एका छोट्या आयात केलेल्या डबीच्या पैशांत घरातल्या सगळ्यांच्या टाचांना पुरेल एवढं भिरंडेल येतं. पेट्रोलियम जेली ओलावा धरून ठेवते पण चिकट राहते, सगळीकडे लागते. युरियाचं 10 टक्क्यांचं क्रीम फार कडक झालेल्या कातडीवर खरंच उत्तम आहे, मी हंपीहून परत आल्यावर ते वापरते, चीर असेल तर मात्र जोरात झोंबतं.

घेताना नखाने खरवडून बघा, लोण्यासारखं मऊ दबलं तर मी घेत नाही, कोकमाचं तेल नेहमीच्या हवेत कडकच असतं. वास हलका असतो, खवट आला तर जुनं आहे. काहींना धुराचा वास येतो, तो चुलीवरचा, त्याने काही बिघडत नाही. बाजारात विकणाऱ्या मावशींना कधी केलंय हे विचारा, त्या सांगतात.

ज्यांच्या हाताला मुळातच खूप घाम येतो त्यांना हे रोज लागणार नाही, त्यांनी फक्त चीर पडेल तिथेच लावावं. आणि बदामीला जाणार असाल तर तिथला वाळूचा दगड बोटांना हंपीपेक्षा मवाळ आहे, एक छोटा तुकडा पुरतो. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, वितळून बॅगभर होतं, स्टीलच्या फिरकीच्या डबीत नेलं की काही प्रश्न येत नाही.