हायडेलबर्ग की ट्युबिंगेन?

फ्रँकफर्टला उतरणारे बहुतेक जण एका दिवसात हायडेलबर्ग बघून पुढे जातात. हाताशी एकच दिवस असेल तर तुम्हीही तेच करा. तीन-चार दिवस मोकळे असतील, तर मात्र मुक्काम ट्युबिंगेनला ठोका.

दोन्ही गावं नेकार नदीच्या काठची, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातली. हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ सालचं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. ट्युबिंगेनचं १४७७ चं. पण हायडेलबर्गचं पहिलं आकर्षण किल्ला आहे, विद्यापीठ नंतर. ट्युबिंगेनबद्दल तर तिथे म्हणतातच, की या गावात विद्यापीठ नाही, हे गावच विद्यापीठ आहे.

हायडेलबर्गचा लाल दगडी किल्ला फ्रेंच फौजांनी १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला. ते भग्न रूपच लोकांना ओढून आणतं, आणि ते आहेही देखणं. समोरच्या डोंगरावरच्या 'तत्त्वज्ञांच्या वाटे'वरून संध्याकाळी बघा. विद्यार्थ्यांना कोंडायची जुनी कोठडी आणि तिच्या रंगवलेल्या भिंती चुकवू नका. आणखी एक नातं आपलं: खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबांचा अभ्यास करणारे गुंथर सोंथायमर इथल्याच दक्षिण आशिया संस्थेत शिकवत.

ट्युबिंगेनचा किल्ला साधा, पण पोटात ऐवज मोठा. त्याच्या जुन्या स्वयंपाकघरातल्या प्रयोगशाळेत १८६९ मध्ये फ्रिडरिश मिशर यांना पेशींच्या केंद्रकातला एक नवाच पदार्थ सापडला. आज आपण त्याला डीएनए म्हणतो. त्याच किल्ल्यातल्या संग्रहालयात फोगेलहेर्ड गुहेत सापडलेला मॅमथच्या दाताचा घोडा आहे. जेमतेम पाच सेंटिमीटरचा, वय सुमारे ४०,००० वर्षं. मानेचा तो बाक बघताना वेळेचं भान राहत नाही. खाली नदीकाठी कवी होल्डरलिन यांचा पिवळा मनोरा. आयुष्याची शेवटची ३६ वर्षं ते तिथे राहिले. जवळच्या मठ-वसतिगृहात खगोलशास्त्रज्ञ केपलर शिकले, तत्त्वज्ञ हेगेल शिकले. आणि पाण्यात लांब बांबूसारख्या काठीने ढकलायच्या सपाट होड्या, त्यात विद्यार्थी.

परिसरात ट्युबिंगेन अधिक श्रीमंत. जंगलाला लागून बेबेनहाउझेनचा मध्ययुगीन मठ, हेशिंगेनजवळ डोंगरमाथ्यावर होहेनत्सोलर्नचा किल्ला (आजची इमारत मात्र १९ व्या शतकातली), पलीकडे श्वाबियाच्या चुनखडीच्या गुहा. हायडेलबर्गहून श्पायरचं कॅथेड्रल आणि श्वेत्झिंगेनची बाग हे दोन दौरे तोडीस तोड आहेत. वसंतात श्वेत्झिंगेनचं पांढरं शतावर (अ‍ॅस्परॅगस, कोंबांची भाजी) शाकाहारी माणसाची जेवणाची चिंता मिटवतं. ट्युबिंगेनला 'केझेश्पेत्झले' मागा. चीज घातलेल्या शेवया, पण त्यात अंडं असतं.

आईवडील सोबत असतील तर हायडेलबर्ग घ्या. मुख्य रस्ता सपाट आहे आणि किल्ल्यावर रेल्वे जाते. ट्युबिंगेनमध्ये दगडी चढ पायीच चढावे लागतात. थंडीत होड्या बहुतेक काठालाच असतात. त्या दिवसांत मीही ट्युबिंगेनचा आग्रह धरणार नाही.