व्हिडिओ गेमची डिस्क घ्यावी की डाउनलोड?
पावसाळ्यात गुहागर-दापोलीकडे वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. अशा ठिकाणी शंभर जीबीचा गेम डाउनलोडला लावणं म्हणजे डोक्याला ताप. डिस्कमधून निदान बराचसा भाग उतरतो, आणि खेळून झाल्यावर ती चिपळूणच्या मित्राला देता येते, विकताही येते. डाउनलोडला पैसे पूर्ण मोजायचे, हाती फक्त खेळायचा परवाना! सोय आहे, नाही कसं म्हणू. कुरियरची वाट बघावी लागत नाही.

तरी मी डिस्कच घ्या म्हणेन. फक्त खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’ या फक्त ऑनलाइन चालणाऱ्या कार-शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले, तेव्हा डिस्कवाल्यांचाही गेम गेला. ‘इंटरनेट आवश्यक’ लिहिलं असेल तर पूर्ण किंमत मोजू नका.