१५,६४० रुपयांचं ‘फोर-के’

हिशोब आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. घरच्या जुन्या सीडी-डीव्हीडी एका दुकानात ‘फोर-के’ (नव्या टीव्हीचं बारीक ठिपक्यांचं चित्र) करायला दिल्या, त्याचा हा हिशोब. सव्वीस डिस्क, प्रत्येकी ३५० रुपये, झाले ९,१००. ‘स्क्रॅच काढायचे’ प्रत्येकी ४०, म्हणजे १,०४०. आणि ‘फोर-केच्या फाइली लई मोठ्या असतात काका, पेनड्राइव्हवर मावायच्या नाहीत’ असं म्हणून गळ्यात मारलेली एक टीबीची हार्ड डिस्क, ५,५००. एकूण १५,६४०. त्यातले ५,००० आगाऊ, तेही दुकानाच्या नाही, दुकानातल्या पोराच्या स्वतःच्या खात्यावर. बाकीचे १०,६४० रोख. पक्कं बिल मागितलं तर ‘वर अठरा टक्के लागतील’. हातात दिली कोऱ्या कागदाची चिठ्ठी, तिच्यावर नुसता आकडा. शिक्का नाही, दुकानाचं नाव नाही.

दुकान जळगावातलं. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण असली पाटी आता धुळ्यालाही दिसते, नंदुरबारलाही दिसते: ‘जुन्या सीडी-डीव्हीडी फोर-के करून मिळतील’. म्हणून लिहितोय.

आमच्या अमळनेरकडे त्या काळात लग्नाचं शूटिंग म्हटलं की हातात व्हीसीडी (साध्या सीडीवरचा व्हिडिओ) पडायची. माझं लग्न, बहिणीचं लग्न, आबांची (वडिलांची) एकसष्टी, शिवाय खान्देशी कॉमेडीच्या काही, अशा नऊ व्हीसीडी. बाकी सतरा डीव्हीडी: आबांनी हौसेने जमवलेले सिनेमे, कीर्तनं आणि धाकट्याचं लग्न. प्लेअर कधीचा भंगारात गेला. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नसते. आबा गेल्यावर आईचा एकच धोशा, ‘त्यास्ना आवाज ऐकाडा एकदाव.’ अशा वेळी माणूस दुकानात जातो. लोक म्हणतात हाव नडली; यात हावरटपणा कुठे आला ते मला कुणी समजावून सांगावं.

दुकानात रेट कार्डच लावलेलं. नॉर्मल ६०, फुल एचडी १५०, फोर-के ३५०. पोरगं म्हणालं, ‘काका, एकदाच करायचं काम आहे, नॉर्मल करून काय उपयोग? नव्या टीव्हीवर सगळं फाटेल.’ मग मॉनिटरवर नमुना. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. डावीकडचं चित्र मुद्दाम धूसर केलेलं आणि उजवीकडचं रंग भडक करून ठेवलेलं, हे आता कळतंय. तिथे उभ्या माणसाला ते कसं कळावं?

खरी मेख पुढे आहे. मी हट्टच धरला म्हणून त्याने आमची एक डिस्क लावली. आबांची एकसष्टी. चित्र पडदाभर झालं, आणि आबांचा चेहरा आडवा पसरलेला. फेटा वरून दाबून चपटा केल्यासारखा, हातातलं ताट गोल नाही, लांबट. मी बोललो तेव्हा. ‘चेहरे का फुगलेत?’ तर म्हणे, ‘वाइडस्क्रीन आहे काका, नव्या टीव्हीला असंच दिसतं.’ आणि लगेच चहा मागवला. जुनं शूटिंग ४:३ मापाचं (रुंदी चार तर उंची तीन) असतं, ते ताणून १६:९ केलं की माणसं जाडी होतात, एवढीच गोष्ट. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडायच्या असतात. ज्याला हे येत नाही किंवा जो हे लपवतो, त्याच्याकडून डिस्क उचलायच्या आणि चालू पडायचं. ताट लांबट दिसलं तिथेच सगळं उघडं पडलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर. पण मागे पाच गिऱ्हाइकं उभी, पोरगं घडाघडा ‘रिमास्टर’, ‘अपस्केल’, ‘ए-आय’ म्हणतंय, आणि मी तर प्रश्न विचारलाही होता. ‘जुन्या सीडीत एवढं असतं का?’ असंही विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘बाकीचं ए-आय भरतं.’

काय भरतं ते ऐका. आपल्याकडची व्हीसीडी म्हणजे ३५२ गुणिले २८८ ठिपके. डीव्हीडी ७२० गुणिले ५७६. फोर-के म्हणजे ३,८४० गुणिले २,१६०. कॅल्क्युलेटर घ्या: डीव्हीडीच्या बरोबर वीसपट, व्हीसीडीच्या जवळजवळ ब्याऐंशीपट. म्हणजे डीव्हीडीतून फोर-के केलं तर वीसातला एक ठिपका खरा आणि एकोणीस बनवलेले. ए-आयने चित्र मोठं करणारी सॉफ्टवेअर असतात, नाही असं नाही, पण ती अंदाजाने भरतात, आणि आमच्या बाबतीत तेवढेही कष्ट घेतलेले नव्हते.

घरी टीव्हीला लावलं. कुणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा. शूटिंगच्या डीव्हीडीवर चित्र बहुतेक वेळा एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं असतं, ते नीट जोडायला डीइंटरलेस करावं लागतं. केलंच नव्हतं. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘हाऊ कोन शे रे? तुना बाप इतला जाडा कव्हय व्हता?’ तिला काय उत्तर देऊ?

भाच्याने फोनवर सांगितलं, फाइल व्हीएलसीमध्ये (व्हिडिओ चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) उघडा, कंट्रोल आणि जे दाबा. माप ३,८४० दाखवलं, बरोबर. पण तासाभराची फाइल फक्त ७०० एमबी! त्याच तासाचा मजकूर मूळ डीव्हीडीवर दोन जीबीच्या वर बसलेला. नुसता ठिपक्यांचा आकडा बघू नका, दर सेकंदाला किती डेटा दिलाय तो बिटरेट बघा. मोठ्या पडद्याला मूठभर डेटा वाटला की सगळं चौकटी-चौकटी होतं. सव्वीसच्या सव्वीस फाइली मिळून २८ जीबी. आणि यासाठी एक टीबीची डिस्क! अहो, डीव्हीडी साध्या एका थराच्या असतील तर सगळ्या मूळ डिस्क काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी नव्वद जीबीच्या आत बसतात, १२८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरला असता.

हे सगळं पैशाचं झालं. स्क्रॅच काढण्याच्या नावाखाली त्याने बहिणीच्या लग्नाच्या व्हीसीडीवरचा कागदी स्टिकर ओरबाडून काढला. सीडीत माहितीचा थर खालच्या चकचकीत बाजूला नसतो, वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो. स्टिकरबरोबर चंदेरी पापुद्रा निघाला. डिस्क उजेडात धरली तर हळदीचं शूटिंग होतं त्या जागी आरपार खिडकी दिसते. परत कधीच वाचायची नाही ती. स्टिकर कुणालाही काढू देऊ नका. आणि डिस्क देताना प्रत्येकीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आता साहेब लोकांचं. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, ‘मारहाण झाली का?’ मग, ‘काम करून दिलं ना त्याने? मग फसवणूक कशी?’ मी म्हटलं चारशेवीस. हवालदार हसला, ‘काका, चारशेवीस राहिलं नाही आता.’ बरोबर, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, मग ते लावा की! तर म्हणे व्यवहार यूपीआयचा आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः दुकानात जाऊन पैसे दिले, हा सायबरचा विषयच नाही. परत ठाण्यात. यावेळी साहेब बंदोबस्ताला. अर्जाची पोच मागितली तर ‘पोच कशाला, आम्ही काय पळून चाललोय का?’ नऊ हजारांसाठी एवढं काय, असंही एक जण बोलला. नऊ नाही, पंधरा हजार सहाशे चाळीस! आणि पन्नास रुपयांचा असला तरी अर्ज अर्जच असतो ना? एकाने तर फाइल बघून मलाच सांगितलं, ‘चांगलं दिसतंय की!’ पगार आमच्याच करातून घेता आणि ताट गोल असतं हेसुद्धा दिसत नाही?

ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र आहे. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. यूपीआयचा स्क्रीनशॉट, चिठ्ठी, डिस्कचे फोटो आणि व्हीएलसीतल्या मापाचे फोटो जोडा. तोंडी बोलणं कुणी धरत नाही, म्हणून ‘फोर-के करून देतो’ हे दुकानदाराकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

घरच्या शूटिंगचं काम खरं तर जवळजवळ फुकटातलं आहे. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह आणा. डीव्हीडी मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने जशीच्या तशी उतरवून घ्या, रतीभर दर्जा जात नाही. व्हीसीडीतल्या एमपीईजीएव्ही (MPEGAV) फोल्डरमधली डॅट (.DAT) फाइल कॉपी करा, व्हीएलसी ती चालवतं. फाइल लहान करायची असेल तर हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर, माप मूळ तेच ठेवून, आरएफ (त्यातला दर्जाचा आकडा) १८ ते २२ च्या दरम्यान, आकडा जितका कमी तितका दर्जा चांगला. कुणी ‘वाढवून देतो’ म्हणाला की उठायचं.

परवा त्या पोराचा फोन आला होता. २,००० परत देतो, गुगलवरचा रिव्ह्यू काढा म्हणे. काढला नाही. वकील नोटिशीचे १,५०० मागतोय, तेही देणार आहे.